चौदाव्याची वाटी

पत्राखाली सही अण्णांची होती, पण पहिली ओळ वाचतानाच धाकटीने ओळखलं की हे अण्णांनी लिहिलेलं नाही. ‘सदर ग्रीनच्या मूळ रचनेत कोणताही फेरफार करण्यास माझा सक्त विरोध आहे.’ अण्णा शहाऐंशी वर्षांचे झाले, एकतीस गोल्फ मैदानं आखून झाली, पण ‘सदर’ हा शब्द त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. घरात ‘सदर’ म्हणणारा एकच माणूस होता, तिचा दादा. तो या घटकेला क्लबच्या वरच्या मजल्यावर, पाहुण्यांच्या खोल्यांपुढच्या गच्चीत चहा पीत बसला होता.

“काल समारंभ संपल्यावर हातात आलं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेल्या बाई. टेबलावरचे कागद काठाला काठ जुळवून ठेवायची सवय अजून गेली नव्हती. “काम तुम्ही घेतलंत, नकाशे तुम्ही दिलेत, आणि आता तुमचे वडील लिहितात की हात लावू नका. चार वाजता समिती बसतेय. मला तुमच्या घरातून एक उत्तर हवं. दोन नकोत.”

“अण्णांनी हे वाचलेलं नाही.”

“सही त्यांची आहे ना?”

सही त्यांचीच होती. गेली चार वर्षं अण्णांच्या नजरेत मधोमध एक काळा डाग होता, कडेकडेचं काय ते दिसायचं. कागदावर बोट टेकवून दिलं की तिथून ते सही ओढत, आणि ती दर वेळी थोडी वर चढत जायची. या पत्रावरही ती तशीच चढली होती.

“चारच्या आत सांगते,” धाकटी म्हणाली आणि उठली.

सगळं भांडण चौदाव्या होलचं होतं. पन्नास वर्षांपूर्वी, रस्तेबांधणीच्या कचेरीत नकाशे काढणाऱ्या अण्णांनी नोकरी सोडून हे मैदान बांधलं. ते त्यांचं पहिलं. अठरा होल, म्हणजे झेंड्यापर्यंत चेंडू न्यायचे अठरा टप्पे, पण लांबलांबून माणसं यायची ती चौदावा बघायला. तिथलं ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, ओढ्याकाठी खोलगटात होतं. कडा चहूबाजूंनी उचललेल्या, पोट खोल. चेंडू कुठेही पडो, घरंगळत मध्याकडे यायचा. खेळणारे त्याला ‘वाटी’ म्हणत. आईला खेळ धड जमायचा नाही, तिचा चेंडू दिवसातून एकदा तरी झेंड्याजवळ जावा म्हणून अण्णांनी तिच्यासाठी ही वाटी केली, अशी गोष्ट होती. अण्णांवर जे जे छापून आलं त्या सगळ्यात ती होती. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, गोष्ट मात्र धडधाकट होती.

ओढाही धडधाकट होता, फाजील म्हणावा इतका. वरच्या टेकड्यांवर घरं झाली, रस्ते झाले, आणि पूर्वी दिवसभर झिरपत येणारं पाणी तासाभरात येऊन आदळायला लागलं. लागोपाठ तीन वर्षं वाटी काठोकाठ भरली आणि चार-चार दिवस तशीच राहिली. गवत कुजलं. क्लबने धाकटीला बोलावलं, कारण अण्णांच्या शेजारच्या टेबलावर तिने चोवीस वर्षं काढली होती. तिने पाहणी केली आणि सरळ लिहून दिलं: वाटी ओढ्याला देऊन टाका, ग्रीन डावीकडे तीस पावलं, टेकाडाच्या खांद्यावर न्या.

हे अण्णांना सांगायचं मात्र तिने टाळलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन महिने गेले. पन्नास वर्षांच्या समारंभासाठी सगळे इथे जमले, काल अण्णांसाठी चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि ती पहिल्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

जिना चढताना तिने ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही.

“दादा, निदान ‘सदर’ तरी गाळायचंस,” ती म्हणाली.

दादाने कप खाली ठेवला. केलेलं नाकारायची त्याची रीत नव्हती. अठ्ठावन्न वर्षांचा, नीट भांग पाडलेला, सुटीतही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा माणूस. बाविसाव्या वर्षी तो अण्णांच्या कार्यालयात ‘थोडे दिवस’ म्हणून बसला आणि तिथेच राहिला. वहिनी किटलीतून दुसरा कप भरत होती. तिचा हात थांबला.

“तू तीन महिने त्यांच्यापासून लपवलंस,” दादा म्हणाला, “आणि मला शिकवायला आलीस?”

“लपवलं, ती चूक माझी. पण मी सही नाही काढून घेतली.”

“सही खरी आहे.”

“काय सांगून घेतलीस?”

दादा मैदानाकडे बघत राहिला. खाली गवत कापायचं यंत्र एका लयीत घरघरत होतं.

“वाचून दाखवलंत ना त्यांना?” वहिनीने विचारलं. “मला तसं म्हणालात.”

“सभासदांचे आभार मानणारं पत्र आहे, असं म्हणालो.”

वहिनीने किटली टेबलावर ठेवली आणि खुर्ची जरा मागे सरकवली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला चारचौघांत कधी खाली पाहायला लावलं नव्हतं. “मग यात मी तुमच्या बाजूने नाही,” ती म्हणाली. “सकाळपर्यंत होते. आता नाही.”

“तुम्हा दोघींना वाटतं मी घराण्याच्या नावासाठी करतो,” दादा म्हणाला. त्याचा आवाज उलट खालीच गेला होता. “रोज सकाळी त्यांना पेपर कोण वाचून दाखवतं? मी. त्यांनी बांधलेल्या मैदानांपैकी सहा आज नाहीत. एकावर गोदामं आहेत, एकावर विमानांची धावपट्टी. ते विचारतात, अमुक मैदान कसं आहे रे? मी म्हणतो, झकास. त्यांना दिसत नाही, धाकटे. त्यांच्या मनात वाटी जशीच्या तशी आहे, आईसकट. अजून किती वर्षं? तेवढी राहू दे. मग हवं तेवढं खण.”

धाकटी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

“सहा नाही, आठ,” दारातून आवाज आला.

अण्णा चौकटीला धरून उभे होते. अंगात सदरा, पायांत एकच सपात, दुसरी शोधायचा कंटाळा केलेला.

“डोळे गेलेत, कान शाबूत आहेत,” ते म्हणाले. “सगळीकडचे माळी मला फोन करतात. वीस-वीस वर्षं ज्यांच्याबरोबर चिखल तुडवला ती माणसं आहेत, मैदान गेलं की पहिला फोन मला येतो. आठ गेली.”

“मग मला रोज विचारता कशाला?” दादाने कसंबसं विचारलं.

“तू झकास म्हणतोस ते ऐकायला बरं वाटतं म्हणून.” अण्णांनी हात पुढे केला. तो कोणी धरायचा हे क्षणभर कोणालाच कळेना, मग वहिनीनेच धरला. “सूनबाई, ती बॅटरीची गाडी चालवता येते ना तुला? चल, चौदाव्यावर जाऊ. आणि तुम्ही दोघं मागे बसा. भांडू नका, गाडी हलते.”

चौदाव्यावर माळीबुवा आधीच येऊन उभे होते; निघताना अण्णांनी त्यांना फोन केला होता. क्लबचे हे मुख्य माळी. तिशीत इथे आले, आता त्यांचेही केस पांढरे झाले होते. अण्णांना उतरवताना त्यांनी स्वतःची टोपी काढून काखेत धरली.

अण्णांनी खाली बसून मोजे काढले. धाकटीने हे लहानपणापासून कितीदा पाहिलं होतं. बी पेरण्याआधी प्रत्येक ग्रीनवर अण्णा अनवाणी चालायचे. उन्हात, गारठ्यात, दिवसचे दिवस. डोळ्याला जमीन फसवते, तळव्याला फसवता येत नाही, असं म्हणायचे. मोजणीच्या यंत्राने सपाट ठरवलेली जागा ते पायाने चढी म्हणून सांगत, पुन्हा मोजावं तर दोन बोटांचा चढ निघे. परदेशातून आलेले मोठमोठे अभियंते आधी हसत आणि मग गुपचूप आपलेही बूट काढून ठेवत.

आज ते हळू चालले. वहिनीचा हात सोडून, दोन्ही हात जरा बाहेर धरून, पुढच्या कडेपासून मध्याकडे, मध्यापासून मागे. मागच्या बाजूला पोचल्यावर थांबले, पाय चाचपडत राहिले.

“मागची कड कुठे गेली?”

उत्तराची वाट न बघता ते दादाकडे वळले.

“दादा, तुझ्याकडे चेंडू आहे? नसला तर माळीबुवांकडून घे. इथून सोड. ढकलू नकोस, नुसता सोड.”

दादाने चेंडू सोडला. वाटी असती तर तो थेट झेंड्यापाशी जायला हवा होता. तो पाच-सहा हात गेला आणि थांबला. दादाने उचलून आणून पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा त्याने गुडघे टेकून, जागा बदलून सोडला. तिन्ही वेळा चेंडू अर्ध्या वाटेत.

“ही वाटी नाही,” अण्णा म्हणाले. “ही बशी आहे. माळीबुवा, सळई घाला.”

माळीबुवांनी पोकळ सळई मध्यावर दाबली, वर काढली आणि निघालेला मातीचा लांबट गोळा धाकटीच्या हातावर ठेवला. तिने तो अण्णांच्या बोटांखाली धरला. वर वाळू, मग पुराचा बारीक गाळ, पुन्हा वाळू, पुन्हा गाळ. जुनी काळी माती लागली ती एक वीत खाली.

माळीबुवांनी सांगितलं ते असं. समोरच्या बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, कोणी चेंडू उडवला की मूठभर वाळू पुढच्या कडेवर येऊन पडते. पन्नास वर्षांत त्या मुठी साचून बांध झाला. गवत कापणारे कोपऱ्यावर यंत्र वळवताना दर वर्षी बोटभर आत वळले, तशा बाकीच्या कडा मोठ्या गवतात बुडाल्या. वरून दर वर्षीची वाळू, ओढ्याचा गाळ. पोट भरत गेलं.

“तुम्ही बोलला नाहीत कोणाला?” दादाने विचारलं. घराच्या दिवाणखान्यात या ग्रीनचा मोठा फोटो त्यानेच लावला होता, आणि ‘अर्धशतकानंतरही मूळ स्वरूपात’ ही ओळ त्याखाली त्यानेच लिहिली होती.

“तीन समित्यांना बोललो, साहेब. प्रत्येक वेळी एकच उत्तर. अण्णासाहेबांच्या ग्रीनला हात लावायचा नाही.”

दादा चेंडू हातात घेऊन तसाच उभा राहिला. धाकटीला वाटलं होतं की आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही.

अण्णा गवतावरच बसले आणि बाकीच्यांनाही त्यांनी बसायला लावलं. “आता सगळंच सांगतो,” ते म्हणाले. “ग्रीन मला इथे नकोच होतं. डावीकडे, खांद्यावर हवं होतं.”

धाकटीने मान वर केली.

“मग?” दादा म्हणाला.

“खणायला गेलो तर हातभर खाली खडक. सुरुंगाचा परवाना मिळेना, उद्घाटन तोंडावर आलेलं. खाली उतरलो आणि मिळेल त्या मातीत खळगा केला. नाइलाज होता तो. लोकांना आवडला.”

“आणि आईची गोष्ट?”

“ती तुझ्या आईचीच.” अण्णांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “उद्घाटनाच्या दिवशी एका वार्ताहराने विचारलं, ग्रीन खोलगटात का? मी सांगणार होतो, खडक फुटला नाही म्हणून. ती मध्येच म्हणाली, माझ्यासाठी केलंय, मला खेळता येत नाही ना. तो खूश. घरी जाताना मला म्हणते, छापून आल्यावर खडकापेक्षा बायको बरी दिसते.”

वहिनी खुदकन हसली. सासूचा तो आवाज तिला ऐकूच आला असावा.

“पण एक झालं,” अण्णा म्हणाले. “त्यानंतर कुठेही खुंटी ठोकताना मला आधी ती दिसायला लागली. हिचा चेंडू कुठे जाईल? हिला परत फिरायला वाट आहे का? हिने इथून काय बघावं? खेळाडूंसाठी मैदानं सगळेच बांधत होते. बाकीच्या तीस मैदानांवर जी माणसं खेळून आनंदाने घरी गेली ना, ती तिच्यामुळे. वाटी तिच्यासाठी नव्हती. नंतरचं सगळं होतं.”

गार वाऱ्याने झेंडा फडफडला. दादाने चष्मा काढून पुसला आणि हातातच ठेवला.

“आता तुझं सांग,” अण्णा धाकटीकडे वळले, नीट पाहता यावं म्हणून मान जरा तिरकी करून. “खडकाचं काय करणार?”

“काही नाही. तो आहे तसा ठेवायचा. त्याचा जो उतार आहे तोच ग्रीनचा उतार. वर हातभर माती.”

“फोडणार नाहीस?”

“फोडायचा कशाला? पाणी पळायला तोच उपयोगी आहे.”

अण्णा विचारात पडले. बोटांनी हवेत काहीतरी आखत राहिले. “पुढे बंकर हवा.”

“नको. पुढची बाजू उघडी ठेवतेय. ज्याला चेंडू उंच उडवता येत नाही त्याने घरंगळत न्यावा.”

“आणि ज्याला येतो त्याला धाक कसला?”

“मागचा उतार. जास्त मारला तर मागे जाईल, आणि तिथून परत येणं सोपं नाही.”

“पुरणार नाही तेवढं. बंकर हवा.”

“नको, अण्णा.”

“चूक करतेस.”

“करू दे.”

वहिनीने दादाकडे पाहिलं, दादाने जमिनीकडे. अण्णांना कामात ‘नको’ म्हणालेली माणसं थोडी होती, आणि त्यांतलं घरातलं कोणी नव्हतं.

“चोवीस वर्षांत माझ्याशी असं बोलली नाहीस,” अण्णा म्हणाले.

“चोवीस वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत.”

अण्णांनी उठायला हात पुढे केला. “दादा, मोजे दे इकडे.”

मोजे चढवताना त्यांनी दादाचा खांदा आधाराला धरला आणि उभे राहिल्यावरही सोडला नाही. धाकटी दोन पावलांवर होती, म्हणून तिला ऐकू आलं.

“ते पत्र परत घे.”

“घेतो. अण्णा, मी…”

“माहीत आहे मला. मला दुखू नये म्हणून केलंस. पुढच्या वेळी दुखू दे. एवढा काही मी म्हातारा झालो नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “मैदानं मी आखली, पण परवाने, करार, चिडलेले मालक, कोर्टाच्या तारखा हे सगळं तू निस्तरलंस. मला अर्ज लिहिता येत नव्हता, म्हणून तर तो सुरुंगाचा परवाना मिळाला नाही. तू तेव्हा आठ वर्षांचा होतास. मोठा असतास तर ही वाटी झालीच नसती.”

दादाला हसू आवरलं नाही. त्या हसण्यातच त्याचे डोळे भरून आले.

चार वाजता समितीच्या खोलीत लांब टेबलाभोवती नऊ माणसं होती. दादाने उभं राहून सांगितलं की पत्र त्याने लिहिलं होतं, वडिलांना त्यातला मजकूर माहीत नव्हता, आणि तो ते मागे घेतो. सबब सांगितली नाही. अध्यक्षबाईंनी कागद त्याच्याकडे सरकवला आणि पुढे काही विचारलं नाही.

एका जुन्या सभासदाला राहवलं नाही. “अण्णासाहेब, आम्ही इथे तुमचं मैदान म्हणून येतो. उद्या चौदावा तुमचा राहणार नाही.”

“अहो, तो आत्ताही माझा नाही,” अण्णा म्हणाले. “निम्मा ओढ्याचा आहे, निम्मा गवत कापणाऱ्यांचा. आजच पायाने बघून आलोय.”

“मग या नकाशाला तुमची संमती आहे असं लिहू?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“नाही. पुढे बंकर हवा, असं माझं मत आहे. ते माझ्या नावावर लिहा.” टेबलाभोवती चुळबुळ झाली. “आणि त्याखाली लिहा की काम तिचं आहे. तिला जे दिसलं ते मला पन्नास वर्षांपूर्वी दिसलं होतं, पण खडक लागल्यावर मी खाली उतरलो. ती उतरत नाहीये. नकाशावर सही तिची एकटीची घ्या.”

सात विरुद्ध दोन मतांनी ठराव झाला. आजवरच्या प्रत्येक नकाशावर धाकटीने अण्णांच्या सहीखाली, बारीक अक्षरात सही केली होती. या वेळी वरची जागा रिकामी होती, आणि पेन हातात घेतल्यावर सही नेमकी कुठे करायची हेच तिला क्षणभर सुचेना. अध्यक्षबाईंनी मधोमध बोट ठेवलं. “इथे,” त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांनी काम सुरू झालं. त्या सकाळी मोजणीचा मदतनीस आजारी पडला, आणि पट्टी धरायला माणूस नाही हे कळल्यावर दादा काही न बोलता पुढे झाला. छत्तीस वर्षं त्याने मैदानांची कागदपत्रं सांभाळली होती, पण बांधकाम चालू असताना जमिनीवर त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. इस्त्रीच्या पॅंटचे पाय मोज्यांत खोचून, उंच आकड्यांची पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून तो टेकाडाच्या खांद्यावर उभा राहिला. धाकटीने दुर्बिणीला डोळा लावला.

“डावीकडे कललीय,” ती म्हणाली. “थोडी उजवीकडे. अजून. हां, बस.”

तिने आकडा वाचला आणि वहीत लिहिला. तिच्या अंदाजाशी तो बरोबर जुळत होता. खडकाचा उतार पाण्याला हवा तसाच होता, आणि पुढून चेंडूला हवी होती तशी वाट जमिनीनेच ठेवली होती.

“बरोबर येतंय का?” दादाने तिथूनच विचारलं.

“येतंय.”

“अण्णांना सांगू?”

तिने मागे पाहिलं. सावलीतल्या खुर्चीत अण्णांना झोप लागली होती. हॅट तोंडावर, पाय उघडे, शेजारी वहिनी वर्तमानपत्राने वारा घालत होती. पलीकडे यंत्राचा पहिला फाळ मातीत शिरला तरी ते हलले नाहीत.

“झोपू दे त्यांना,” धाकटी म्हणाली. “तू पुढच्या खुंटीवर जा.”